मागास भागाची करसवलत आणि आपली सरासरी वाहतूक



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, खताचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त असल्या गोष्टी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. तो आम्ही शोधलेला नाही, एका सभासदाने आमच्या गळ्यात घातला आहे. गेल्या ऊस विकास मेळाव्यात खोडवा व्यवस्थापनावर आमचे बोलणे संपले. "कोणाला काही शंका?" असे आम्ही विचारले, तेव्हा टेलच्या गावचे एक वयस्क सभासद उठले. सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तसेच म्हणू. तात्यांनी खोडव्याबद्दल अवाक्षर काढले नाही. ते म्हणाले, "साहेब, मागास भागात कारखाना काढला की सरकार कर माफ करतंय. मग पुण्यानं काय पाप केलंय?"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता. तात्यांचा मुलगा पुण्याला एका लहान वर्कशॉपात टर्नर होता. ते वर्कशॉप एका मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवीत असे. त्या मोठ्या कारखान्याने वाढीव काम परराज्यात नेले, कारण तिकडे करात माफी होती. वर्कशॉपच्या ऑर्डरी आटल्या आणि मुलगा गावी परत आला. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की तात्यांचे जावई वाळूजला कामाला आहेत आणि त्यांचे चांगले चालले आहे. वाळूजची वसाहत वाढली त्यात मागास भागाच्या सवलतींचा मोठा वाटा आहे. म्हणजे एकाच घरात या सवलतीने एकाची भाकरी घेतली आणि दुसऱ्याला दिली. मेळाव्यात आम्ही "सविस्तर लिहितो" म्हणून वेळ मारून नेली. तो शब्द आता पाळत आहोत.

प्रथम ही सवलत म्हणजे काय ते पाहू. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातले कारखाने मुंबई-ठाण्यात आणि मग पुण्याच्या आसपास गोळा झाले. बंदर तिथे, बँका तिथे, कारागीरही तिथेच. एकदा दहा कारखाने झाले की अकरावाही तिथेच येतो, कारण बेअरिंग बिघडले तर अर्ध्या तासात दुसरे मिळते. हा ओढा मोडण्यासाठी राज्याने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ काढले, १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली आणि १९६६ मध्ये 'सिकॉम' स्थापन केले. प्रोत्साहन योजना पुढे १९७९, १९८३, १९८८, १९९३ अशी वेळोवेळी सुधारत गेली. तिचे सूत्र सोपे आहे. राज्यातल्या तालुक्यांचे गट पाडावयाचे. 'अ' गट पुढारलेला, त्याला सवलत नाही. त्याखाली ब, क, ड आणि ड-अधिक. जितका मागास तितकी सवलत जास्त. पुणे शहर अर्थातच 'अ' गटात.

केंद्र सरकारनेही हेच धोरण धरले. पांडे आणि वांछू या दोन कार्यगटांच्या शिफारशींनंतर १९७१ पासून निवडक मागास जिल्ह्यांत भांडवली अनुदान सुरू झाले, ते १९८८ पर्यंत चालले. आयकर कायद्यात १९७४ साली ८०-एचएच हे कलम आले. मागास भागातल्या नव्या कारखान्याच्या नफ्यातला २० टक्के भाग दहा वर्षे करातून वगळण्याची ती तरतूद होती.

राज्याची जी सवलत होती, ती मुख्यतः विक्रीकराची. तिचे दोन प्रकार होते, माफी आणि लांबणी. माफी तर समजते. लांबणीचा प्रकार मात्र फार लोकांना ठाऊक नाही. कारखानदार गिऱ्हाइकाकडून कर वसूल करावयाचा, पण सरकारात भरावयाचा नाही; तो वापरावयाचा आणि ठरलेल्या वर्षांनी हप्त्याहप्त्याने परत करावयाचा. आपल्या भाषेत सांगायचे तर ही बिनव्याजी उचल झाली, आणि तीसुद्धा आठदहा वर्षांची. आपल्यापैकी ज्यांनी सोसायटीचे पीककर्ज फेडले आहे, त्यांना या उचलीची किंमत वेगळी सांगावयास नको.

आता मूळ प्रश्न. पुण्यातल्या कारखान्याने पूर्ण कर भरावयाचा आणि दुसरीकडच्याने नाही, हे न्यायाचे आहे काय? एकाच मालावर एकाच कायद्याने दोन भाव कसे?

याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोधण्याआधी आपण आपल्याच ऊसबिलाकडे पाहू. बिलात तोडणी-वाहतुकीची कपात असते. ही कपात गव्हाणीपासून पाच किलोमीटरवरच्या सभासदाला जितकी, तितकीच चाळीस किलोमीटरवरच्याला. सहकारी कारखान्यांत ही सरासरीची रीत इतकी जुनी आहे की ती कोणी मुद्दाम केलेली गोष्ट आहे, हेच आपण विसरून गेलो आहोत. उदाहरणादाखल समजा, जवळच्या गावाची खरी वाहतूक टनाला १५० रुपये पडते आणि लांबच्या गावाची ४५०. दोन्हीकडून सारखाच ऊस आला तर सरासरी ३०० होते. म्हणजे जवळचा सभासद प्रत्येक टनामागे १५० रुपये लांबच्या सभासदाच्या पदरात टाकतो. तो कुठल्या अर्जावर सही करीत नाही, त्याला कोणी विचारीत नाही, पण टाकतो हे खरे.

तीच गोष्ट उताऱ्याची. एकाचा ऊस चांगला पोसलेला, वेळेवर तुटलेला; दुसऱ्याचा पाण्याअभावी खुरटलेला किंवा फडात वाळलेला. दर मात्र दोघांनाही कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावरच.

हा अन्याय आहे का? गव्हाणीजवळचे काही सभासद आहे म्हणतात. आमच्या तोंडावर म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. "आम्ही काय कारखान्याजवळ जन्मलो हा गुन्हा झाला का?" असे एकाने विचारले. पाहा, हा आणि तात्यांचा प्रश्न एकच आहे. फक्त पुण्याच्या जागी गव्हाण आली.

पण याची दुसरी बाजू जुन्या सभासदांना विचारावी. कारखाना उभा राहिला तेव्हा भागभांडवल लांबच्या गावांनीही दिले. मंजुरी मिळाली ती सगळ्या कार्यक्षेत्राचा ऊस दाखवून. गव्हाण मध्येच कुठेतरी घालावी लागते. ती ज्याच्या शिवाराजवळ पडली त्याच्या जमिनीला भाव आला, त्याच्या रस्त्यावर डांबर पडले, त्याच्या मुलाला कारखान्यात सायकलने कामाला जाता आले. हा फायदा त्याच्या कष्टाचा नव्हता, जागेचा होता. त्यातला थोडा भाग परत वाटला तर त्याला लुबाडणे म्हणता येत नाही.

पुण्याचेही तसेच आहे. पुण्याच्या वाढीत पुणेकरांचा उद्योग आहेच, पण लष्कराची छावणी, विद्यापीठ, सरकारी प्रयोगशाळा, रेल्वे, मुंबईचा रस्ता हे सगळे देशाच्या पैशाने आले. आणि पाणी! खडकवासल्याचे पाणी सांगण्याची आपल्यासारख्या कालव्याच्या टेलवाल्यांना तर गरजच नाही. १८७०च्या दशकात बांधलेल्या त्या धरणाच्या कालव्याने हडपसर-मांजरी-लोणीपर्यंत ऊस पिकविला. आम्ही पदविकेला असताना मांजरीकडे जाताना मगरपट्ट्याला रस्त्याच्या कडेला ऊस दिसायचा. आज तिथे उंच इमारती आणि संगणकाच्या कंपन्या आहेत. शहर वाढते तसे त्याचे पाणी वाढते आणि आपले आवर्तन आखडते. तेव्हा पुण्याने काहीच घेतले नाही आणि फक्त दिले, असे निदान आपल्या तोंडून तरी निघू नये.

हा विचार मांडणारी मोठी माणसेही पुण्याचीच होती. डेक्कनजवळची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली निघाली, तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे आणि त्याचे अध्यक्षपद सांभाळणारे तेच हे गाडगीळ. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि केंद्राची मदत राज्यांना कशी वाटावी याचे १९६९चे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले गेले. त्यात ६० टक्के वाटप लोकसंख्येवर होते. सरासरीहून कमी उत्पन्नाच्या राज्यांसाठी १० टक्के होते. आणि कर गोळा करण्याच्या प्रयत्नासाठीही १० टक्के होते. उरलेले २० टक्के चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्यांचे खास प्रश्न यांत वाटले होते. गरिबाला थोडे जास्त, पण जो स्वतः हातपाय हलवितो त्यालाही मान. आम्हांला या सूत्रात सहकारी कारखान्याच्या अध्यक्षाचा हात दिसतो. आमचा हा तर्क कोणाला भाबडा वाटला तरी हरकत नाही.

याच संस्थेतले वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने १९८३ मध्ये समिती नेमली. तिने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द घरोघरी झाला. समितीने रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने अशी एकेक बाब घेतली, राज्याची सरासरी काढली आणि कोणता जिल्हा सरासरीच्या किती खाली आहे ते रुपयांत मांडले. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के. आणि उरलेल्या महाराष्ट्राचा? तोही ३७.३२ टक्के होता. पश्चिम महाराष्ट्र म्हणजे सगळा बागायती अशी समजूत असणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आपल्याच कार्यक्षेत्राच्या पूर्वेकडची जिरायती गावे डोळ्यांसमोर आणली की तो पटतो.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा, कारण सगळा घोळ इथेच आहे. अनुशेष भरून काढणे म्हणजे मागास भागात रस्ता, पाणी, वीज, शाळा नेणे. करसवलत म्हणजे तिथे जाणाऱ्या कारखानदाराचा कर सोडणे. पहिल्यात पैसा गावावर खर्च होतो, दुसऱ्यात तो मालकाच्या वहीत राहतो, आणि गावाच्या वाट्याला काय येईल ते नंतर ठरते. दोन्हींना आपण "मागास भागाला मदत" हे एकच नाव देतो.

यातला धोका आम्ही पुस्तकात वाचला नाही, स्वतःच्या खात्यात पाहिला. आठदहा वर्षांपूर्वी आपल्या कारखान्याने पूर्वेकडच्या कमी पाण्याच्या गावांसाठी निम्म्या किमतीत ऊसरोपे देण्याची योजना केली होती. पहिल्या वर्षी रोपांची उचल इतकी झाली की आम्ही मासिक सभेत छाती फुगवून आकडे वाचले. पुढे नोंदी तपासायला शिवारात फिरलो तेव्हा गंमत कळली. कालव्यावरच्या गावांतल्या बऱ्याच जणांची थोडीथोडी जमीन त्या जिरायती गावांत होती. सात-बारा तिकडचा दाखविला, रोपे उचलली आणि लावली इकडे, कालव्याच्या पाण्यावर. यात लबाडी त्यांची, पण चूक आमच्या खात्याची. स्लिपबुकात आम्ही सभासदाचे नाव घेत होतो, गट नंबर घेत नव्हतो.

ज्यांच्यासाठी योजना होती त्यांच्यापैकी एक म्हातारबा आम्हांला म्हणाले, "रोप फुकट दिलंत तरी लावू कशात? आधी पाण्याचं बघा." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी रोपे गट नंबरावर दिली, निम्मी सवलत तीन महिन्यांनी उगवण पाहून दिली. उचल एकदम घसरली. मासिक सभेत बोलणी खाल्ली. पण जी रोपे गेली ती त्याच गावात राहिली.

देशाचा अनुभव याहून फार निराळा नाही. १९७८ मध्ये नेमलेल्या शिवरामन समितीने मागास भागांच्या सवलतींचा हिशेब पाहिला. मागास म्हणून जाहीर झालेल्या जिल्ह्यांपैकी थोड्याच जिल्ह्यांनी बहुतेक लाभ घेतल्याचे तिला दिसले. आणि त्यांत पुढारलेल्या शहरांच्या शेजारचे जिल्हे बरेच होते. खऱ्या अर्थाने कोपऱ्यात पडलेला तालुका कोरडाच राहिला. उद्योजकाला दोष देण्यात अर्थ नाही. शहरापासून फार लांब न जाता सवलत मिळत असेल तर तो पुढे कशाला जाईल? इंग्लंडनेही १९८१ पासून ओसाड पडलेल्या औद्योगिक भागांत खास क्षेत्रे आखून दहा वर्षे स्थानिक कर माफ केला. तिथे आलेल्या उद्योगांतले बरेचसे जवळच्याच भागातून उठून आलेले निघाले, आणि माफीतला काही भाग जागेच्या वाढलेल्या भाड्यात जागामालकांनी खाल्ला. सात-बारा इकडचा आणि रोपे तिकडे, हा प्रकार साहेबांच्या देशातही आहे म्हणावयाचा.

आता तात्यांच्या मुलाकडे येऊ. राज्याराज्यांत चढाओढ लागली की सवलतीचे रूप पालटते. एकाने पाच वर्षे माफ केली की दुसरा सात करतो. कारखाना एकच आणि त्याला ओढणारी राज्ये दहा. शेवटी कारखाना कुठे तरी जातोच, फक्त कर न भरता जातो. हे ध्यानात आल्यावर राज्यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये दिल्लीत एकत्र बसून विक्रीकराच्या सवलती थांबवावयाचे आणि किमान दर पाळावयाचे ठरविले. पण २००३ मध्ये केंद्रानेच हिमाचल प्रदेश आणि उत्तरांचल या पहाडी राज्यांना मोठी सवलत दिली. नव्या कारखान्याला दहा वर्षे उत्पादनशुल्क पूर्ण माफ आणि पहिली पाच वर्षे आयकरही पूर्ण माफ. उत्पादनशुल्काची माफी ३१ मार्च २०१० पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांना लागू होती.

त्याचा परिणाम पुण्याच्या परिसराने पाहिला. २००७ मध्ये बजाज ऑटोचा उत्तराखंडातल्या पंतनगरचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी आकुर्डीच्या जुन्या कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन थांबले. टाटा मोटर्सचा पंतनगरचा कारखानाही त्याच सुमाराचा. अशा निर्णयामागे एकच कारण नसते. जुनी यंत्रे, मजुरीचा खर्च, त्या वेळची जकात, सगळे जमेस धरले जाते. चाकणचा कारखाना चालूच राहिला, हेही सांगितले पाहिजे. पण उत्पादनशुल्काची पूर्ण माफी एका बाजूला आणि काहीच नाही दुसऱ्या बाजूला, अशा तराजूत जुने गाव हलके पडणारच. मोठ्या कारखान्याच्या कामगाराला निदान स्वेच्छानिवृत्तीची रक्कम तरी मिळते. त्याला भाग पुरविणाऱ्या लहान वर्कशॉपच्या टर्नरला काय मिळते? सवलतीच्या हिशेबात तात्यांचा मुलगा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि तरीही पंतनगरच्या बाजूने बोलावयास हवे. पहाडातली तरुण पोरे पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून मैदानात चाकरीला जात होती. त्यांच्याजवळ कारखाना आला तर आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणावे?

दरम्यान कराची रीतच बदलली. १ एप्रिल २००५ पासून राज्यात मूल्यवर्धित कर आला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. हा कर माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो, जिथे बनतो त्याला नव्हे. त्यामुळे कर माफ करणे राज्यांच्या हातात पूर्वीसारखे राहिले नाही. आता कारखानदार आधी कर भरतो आणि राज्य आपल्या वाट्यातून अनुदान म्हणून परत देते. आमच्या मते ही सुधारणा आहे. परत द्यावयाची रक्कम अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसते. माफ केलेला कर दिसत नसे. केंद्राने २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत सोडलेल्या कराचे विवरण देणे सुरू केले, तेव्हा कोठे केवढी रक्कम सुटते ते लोकांना कळू लागले.

आता थोडे कडू. पुणे शहराला मागास भागाची सवलत कधी मिळाली नाही हे खरे, पण करमाफी मिळाली नाही हे खरे नाही. सॉफ्टवेअर पार्क योजनेची पहिली केंद्रे निघाली त्यांत पुणे होते. या योजनेतल्या निर्यातीच्या नफ्यावर आयकर माफ होता, कलम १०-अ खाली, ३१ मार्च २०११ पर्यंत. हिंजवडीची भरभराट त्याच काळातली. कागदावर ती सवलत कोणत्याही भागासाठी नव्हती, धंद्यासाठी होती. पण संगणकाचा धंदा ज्या शहरात इंग्रजी शिकलेली मुले आणि विमानतळ आहे तिथेच जाणार. म्हणजे पुढारलेल्या शहरालाच ती पोचली. त्यावर कोणी "हिंगोलीने काय पाप केलंय" असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि आपण? आपल्या उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही. चार एकरवाल्यालाही नाही आणि चाळीस एकरवाल्यालाही नाही. पिंपरीचा टर्नर पगारावर कर भरतो. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने जमिनीच्या उत्पादकतेवर आधारलेला कर सुचविला होता, तो कधी अमलात आला नाही. दुष्काळ, रोगराई, पडलेला भाव पाहता शेतकऱ्याला माफी असावी असेच आमचेही मत आहे. पण ती भाग पाहून नाही, धंदा पाहून मिळालेली सवलत आहे, आणि मोठ्या बागायतदाराच्या पदरात ती जास्त पडते, हे कबूल केले पाहिजे. सहकारी कारखान्यांनी ठरलेल्या दराहून जास्त दिलेल्या ऊसदरावर आयकर मागण्याचा तंटा कित्येक वर्षे चालला होता. तो २०१६ पासूनच्या काळासाठी आणि २०२३च्या अर्थसंकल्पाने मागच्या काळासाठीही आपल्या बाजूने सुटला. तेव्हा आपण पेढे वाटले होते. पिंपरीच्या टर्नरला विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहितो. आपल्या फडात कोयता घेऊन येणारी माणसे बीड जिल्ह्यातून, पाथर्डीकडून येतात. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून येतात, पाचटाच्या कोपीत राहतात. मुलांची शाळा सुटते. त्यांच्या तालुक्यात बारमाही काम असते तर ती आली असती काय? नसती. म्हणजे त्यांच्या भागाचे मागासलेपण हे आपल्या तोडणीचे भांडवल आहे. तिकडे उद्योग जावेत म्हणून सरकारने सवलत दिली आणि ती खरोखर लागू पडली, तर आपल्याला तोडणीला माणूस मिळणार नाही, मिळाला तर दाम दुप्पट मोजावे लागतील. म्हणून या विषयावर आपले मत पूर्ण निःपक्षपाती आहे असे आम्ही तरी म्हणणार नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेतले जातात, मुलांच्या वसतिगृहांची योजना आहे. या पैशाचा माग थेट माणसापर्यंत काढता येतो. एखादे मूल वसतिगृहात आहे की फडात, हे फडावर गेले की डोळ्यांनी दिसते.

तेव्हा तात्यांना आमचे उत्तर असे. मागास भागाला जास्त द्यावे, हे न्यायाचेच आहे. पुण्याने त्यातला भार उचलावा, हेही न्यायाचे. पण ते द्यावयाचे कसे, यात करमाफीचा नंबर आम्ही शेवटी लावू. आधी पाणी, रस्ता, वीज, हुन्नर शिकविणारी शाळा. मग द्यावयाची झाली तर सवलत दाखविलेल्या भांडवलावर नको, प्रत्यक्ष लावलेल्या स्थानिक माणसांवर द्यावी, काम झाल्यावर द्यावी, जशी आम्ही उगवण पाहून दिली. आणि जुन्या जागचे चालू काम उचलून नेणाऱ्याला नव्या कारखान्याची सवलत मुळीच देऊ नये. तात्यांच्या मुलाच्या बाबतीत अन्याय झाला तो इथे झाला. दुसऱ्या गावाला मिळाले म्हणून तो अन्याय होत नाही. त्याचे गेले आणि त्याला कोणी पर्यायी शिक्षण, पर्यायी काम दिले नाही, म्हणून तो अन्याय.

आता हे सगळे आत्ताच का लिहिले, ते सांगतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे काही सभासदांची सूचना आली आहे. सरासरीऐवजी अंतराचे टप्पे पाडून वाहतूक कापावी, अशी ती सूचना आहे. निर्णय सभेचा आहे. आम्ही नोकर माणसे, त्यात आमचे मत नाही. मात्र मागील तीन हंगामांचे गटवार टनेज, अंतर आणि प्रत्यक्ष वाहतूक खर्चाचे तक्ते आम्ही तयार करून प्रत्येक गट कार्यालयात लावले आहेत. सूचना मान्य झाली तर कोणत्या गावाचे टनामागे किती वाढेल आणि कोणाचे किती कमी होईल, तेही शेवटच्या रकान्यात दिले आहे.

तात्या परवा येऊन तक्ता पाहून गेले. त्यांचे गाव खालून तिसरे आहे, म्हणजे लांबच्यांतले. चष्मा पुसून त्यांनी शेवटचा रकाना दोनदा वाचला. मग म्हणाले, "आमचं वाढतंय की हो." आम्ही म्हटले, होय. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "आणि त्या गव्हाणीजवळच्यांना काय म्हणायचं आहे, ते त्यांनी लिहून दिलंय का कुठं?" दिले आहे. त्यांचा अर्जही तक्त्याशेजारीच लावला आहे. कार्यालयीन वेळेत कोणीही येऊन वाचावा. मोठ्याने वाचून हवा असेल तर गटातले चिटबॉय वाचून दाखवतील.